मेलेली अळी आणि न जन्मलेली अळी



भैरवनाथाच्या या सोनारीत हरभऱ्याच्या घाट्यात शिरणारी अळी कोणास नवी नाही. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी शेतकरी मेलेल्या अळ्या पाहतो. त्या थोड्या दिसल्या की औषध वाया गेले म्हणतो आणि अधिक जालीम औषध आणतो. आम्ही मजूर-संघटनेचे काम करणारी माणसे, कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. परंतु ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्या बाजूने हा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ही मोजणीच अपुरी आहे, असे आमच्या ध्यानी आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले, आणि त्यापाठोपाठ आणखी विषे आली. ही विषे मज्जातंतूंवर घाव घालतात. आणि मज्जातंतू अळीस आहेत, तसेच माणसासही आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. मेलेल्या अळ्यांच्या हिशेबात ही माणसे कोठे मांडावयाची?

याच काळात विज्ञानाची दुसरी वाट चालू होती. 1930 च्या दशकात इंग्लंडात विगल्सवर्थ यांनी दाखविले की, कीटकाच्या मेंदूमागील एका ग्रंथीचा रस त्याला बाल्यावस्थेत ठेवतो. हार्वर्डमधील कॅरोल विल्यम्स यांनी 1956 साली हा रस रेशमाच्या पतंगातून वेगळा केला. पुढे प्रागहून आलेले कारेल स्लामा यांचे ढेकणाच्या जातीचे किडे हार्वर्डच्या प्रयोगशाळेत प्रौढच होईनात. शोधाअंती दोष निघाला पिंजऱ्यातील अमेरिकन कागदात! तो ज्या झाडाच्या लाकडापासून होई, त्यातच बाल्यरसासारखे द्रव्य होते. झाडेही किडीशी लढतात, आणि ती जीव घेऊनच लढतात असे नाही.

आपल्या दारचा कडुनिंब हेच करतो. 1962 साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतील प्रधान, जोतवानी व राय यांनी दाखविले की, निंबोळीच्या पाण्याने फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत. 1968 साली इंग्लंडात निंबोळीतून अझाडिरॅक्टिन वेगळे करण्यात आले. ते अळीची कात अडविते आणि मादीची अंडीही घटविते.

1970 च्या दशकात हॉलंडमध्ये डायफ्लुबेन्झुरॉन निघाले. नवी कात बनण्यास कायटिन लागते. या औषधाने ते नीट बनत नाही. माणसाच्या अंगात कायटिन नाही. याच कुळातील ल्युफेन्युरॉन व नोव्हॅल्युरॉन आज आपल्याकडे फवारली जातात. प्राणघातक मात्रेहून कमी मात्रा पोटात गेलेली अळी वरकरणी वाचते, कोष करते, पतंगही होते. परंतु अशा मादीची अंडी पुष्कळदा कमी भरतात, आणि घातलेल्यांपैकी अनेक उबतच नाहीत. घाटेअळीवरील प्रयोगांतही हे आढळले आहे. एक मादी शेकडो अंडी घालते, हे ध्यानात घेतले म्हणजे जिवंत दिसणाऱ्या त्या अळीत केवढा पराभव दडला आहे, ते कळते.

म्हणून औषध मुद्दाम पातळ करावे असे मात्र नव्हे. थायलंडमध्ये 1980 च्या दशकात कोबीवरील पतंगाच्या अळीवर या कुळातील औषधांचा एकसारखा मारा झाला आणि अळी थोड्याच वर्षांत त्यांस दाद देईनाशी झाली. अर्धवट मात्रेतून तगलेल्यांची संततीच पुढे शेत व्यापते. शिवाय रेशमाची अळीही अळीच आहे. तुतीच्या शेजारी हे औषध फवारले तर शेजाऱ्याचे कोष जातील. आणि कायटिन नसले तरी मजुरास हातमोजे व मुखपट्टी हवीच.

आमचे म्हणणे एवढेच. दुसऱ्या दिवशीची मेलेली अळी मोजू नका; आठवडाभर थांबून पाने पाहा, नव्या अळ्या निघतात का ते पाहा. हे थांबणे शेतकऱ्यास जड वाटेल. पण त्याच्या घाईची किंमत पाठीवर पंप घेतलेला माणूस आपल्या श्वासाने भरतो. न जन्मलेली अळी डोळ्यांना दिसत नाही, आणि न मेलेला मजूरही कोणत्या हिशेबात दिसत नाही. आम्हाला दोन्ही मोजावयाचे आहेत.