शेवटच्या कडव्यातले नाव

आपल्याकडे गाणे कोणाचे, हे गाणे संपताना कळते. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो आणि मग झांज थांबते. अभंगात तिला नाममुद्रा म्हणतात, शाहिरीत छाप. मंगळवेढ्याच्या चोखोबाने ती घातली, जनाबाईने घातली. चोखोबाच्या घरातल्या सोयराबाईची मुद्रा तर नीट पाहण्यासारखी आहे. तिथे ती स्वतःचे नाव सांगत नाही, चोख्याची महारी म्हणून उभी राहते. नवऱ्याचे नाव आणि जातीचे नाव एवढीच तिची सही! पण सही आहे. ज्यांच्या नावाने जमिनीचा तुकडा नव्हता, ज्यांना देवळाची पायरी नव्हती, ज्यांचे अभंग कोणा अनंतभटाने उतरून घेतले असे परंपरा सांगते, त्यांनी आपले नाव अशा जागी ठेवले की गाणे पुरे म्हटल्यावाचून सुटका नाही आणि पुरे म्हटले की नाव टळत नाही.

या नावाचे पुढे काय झाले, ते मला येथे पाहायचे आहे. मोबाइलने माणूस एकाकी झाला, वाचन बुडाले, मुले बिघडली, अशी तक्रार पांढरपेशा वर्तमानपत्रांतून रोज वाचायला मिळते. ती ज्यांच्या घरी वाचायला स्वतंत्र खोली होती त्यांची तक्रार आहे. आपल्या वस्तीत एका खोलीत सात माणसे आणि शेजारच्या भोंग्याचा आवाज हे एकांताचे प्रमाण. आपल्यापुरता प्रश्न निराळा आहे. करमणुकीची यंत्रे बदलत गेली तसतसे आपले गाणे दूर पोचत गेले, आणि दूर पोचताना त्याचा शेवट गळत गेला.

प्रथम जलसा. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला मजकूर बदलला. पुढे आंबेडकरी जलशांनी तेच हत्यार अधिक धारदार केले. गण, बतावणी, वग यांची चौकट राहिली. पण नाचणारी बाई गेली आणि तिच्या जागी पाटी-पेन्सिल, पाणवठा, येसकर पाळी हे विषय आले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांची पार्टी गावोगाव हिंडली. बाबासाहेबांनी या पार्टीच्या एका जलशाची बरोबरी आपल्या दहा सभांशी केली होती, अशी आठवण जुनी माणसे सांगतात. कर्डकांचे जलशांवरचे पुस्तक १९७८ साली आले, म्हणून निदान काही नावे कागदावर राहिली.

जलशाची एक गोष्ट आज विसरली गेली आहे. तो रात्रभर चाले. गॅसबत्तीच्या उजेडात, महारवाड्याच्या मोकळ्या जागेत नाहीतर चाळीच्या अंगणात माणसे घोंगड्या घेऊन बसत. गाणे तोडण्याचे कारणच नव्हते. शाहीर सहावे-सातवे कडवे म्हणे, छाप येई, आणि लोक त्या नावाला दाद देत. कवी समोर असे. गाणे आणि माणूस यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते.

यंत्र मध्ये आले ते ग्रामोफोनच्या रूपाने. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. रात्रभराचे गाणे तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे कडवी कापणे आलेच. पण गंमत अशी की त्याच तबकडीच्या अखेरीस गौहर जान इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिराला चिकटपट्टीवर कोणाचे नाव छापायचे ते कळावे म्हणून ही सोय होती. यंत्राच्या गरजेने का होईना, एका तवायफेचे नाव तिच्याच तोंडून गाण्याच्या शेवटी कोरले गेले. आमच्या शाहिरांच्या वाट्याला तो हॅनोव्हरचा कारागीर आला नाही. ग्रामोफोन होता तो वाड्यांत आणि हॉटेलांत.

आपल्या वस्तीत खरे यंत्र शिरले ते कॅसेटचे. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली काढली, पण आपल्याकडे तिचा सुळसुळाट १९८० नंतरचा. कॅसेटने एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. कोणीही छोटा व्यापारी खोली भाड्याने घेऊन गाणी भरू लागला. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच गळ्यातून विठ्ठलाची गाणी, कव्वाली आणि भीमगीते घरोघर गेली. त्यांच्या मुलाच्या, आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने तर लग्नाच्या मांडवात जात विचारायची सोय ठेवली नाही. ज्यांच्या ओसरीवर आम्हाला बसू देत नव्हते त्यांच्या वरातीतही ते वाजले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या ओळीला लागून कॅसेटच्या ओळी लागू लागल्या.

कॅसेट साठ मिनिटांची. तिच्यात गाणे पुरे बसत होते, म्हणजे छापही वाचली. पण कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो, कंपनीचे नाव, संगीतकाराचे नाव; कवीचे नाव असलेच तर मुंगीच्या पायाएवढे. कवीला पैसे मिळत ते बहुधा एकदाच, आणि हातात. करारपत्र मागावे हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक हजारो गाणी लिहून २००४ साली गेले. अक्षरओळखच त्यांना मोठेपणी मुंबईत झाली. एवढे गाणे या माणसाने समाजाला दिले. त्या गाण्यांवर किती कंपन्या उभ्या राहिल्या याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. दादांची गाणी आज ओळखू येतात ती बव्हंशी एका कारणाने, की शेवटी ‘वामन’ येतो. वेष्टन हरवले, फीत घासली, तरी सही आतल्या आत राहिली. चोखोबाची युक्ती सहाशे वर्षांनंतर कामी आली!

माझे एक मामा होते, त्यांचीही वही होती. गिरणीत बदली कामगार, रात्री पेटी घेऊन बसत. आम्ही पोरे जयंतीला त्यांचे गाणे म्हणायचो आणि भूक लागली की तिसऱ्या कडव्यावर आटपते घ्यायचो. मामा पाठीत धपाटा घालून म्हणायचे, “कडवं पुरं म्हण रं. शेवटी मी हाय.” तेव्हा हसू यायचे.

कॅसेटनंतर सीडी, आणि मग मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत ‘गाणी भरून देणे’. मेमरी कार्ड दुकानदाराच्या हातात द्यायचे, तो संगणकाला लावून दोनशे गाणी ओतून देई. वेष्टन संपले. आता कंपनीचेही नाव नाही, गायकाचेही नाही. पडद्यावर दिसे ‘ट्रॅक सात’. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, आरंभी फुकट आणि पुढे स्वस्त, आणि ऊसतोडीच्या कोपीपासून नाक्यावरच्या मजुरापर्यंत यूट्यूब आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर ‘स्टेटस’ आला. त्यात ध्वनिचित्र लावायचे तर अर्ध्या मिनिटाचे. टिकटॉकचा मूळ मासला पंधरा सेकंदांचा. जून २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली तेव्हा देशात त्याचे वापरणारे सुमारे वीस कोटी असल्याचे सांगितले जात होते. बंदीपाठोपाठ जुलैमध्ये इन्स्टाग्रामची रील आली, तीही पंधरा सेकंदांची. पुढे या मर्यादा वाढल्या, पण सवय पडली ती पडली. तीस सेकंदांत ध्रुवपद बसते, फार तर पहिले कडवे. छाप त्यात बसत नाही. हे कोणी कट करून केले असे मी म्हणत नाही. कात्री कोणाच्याही हातात नव्हती. मापच तसे काढले होते.

याचा अर्थ या यंत्राने आपले काही केले नाही असा नव्हे. एकतारीवर दारोदार गाऊन मुले वाढवणाऱ्या औरंगाबादच्या कडूबाई खरात कोणत्याही आकाशवाणीच्या चाचणीला गेल्या नाहीत, कोणा संस्थेने त्यांना शोधले नाही. कोणीतरी मोबाइलवर टिपले आणि महाराष्ट्राने ऐकले. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माहीने २०१६च्या सुमारास जातीचे नाव शिवी म्हणून न ऐकता गाणे म्हणून गायले आणि तिचे गाणे परदेशात गेले. ज्या प्रस्थापित माध्यमांनी आमच्यासाठी दार उघडले नाही, त्यांच्या दारावर थाप मारण्याची गरजच उरली नाही. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला १९२० साली नकार मिळाला होता, हे ज्यांच्या ध्यानात आहे त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. तरीही पाहा: गाणाऱ्या बाईचा चेहरा घरोघर गेला, पण तिच्या ओठांवरचे गाणे लिहिणाऱ्याला चेहरा नाही.

आणि तीस सेकंदांचीही किंमत मोजावी लागते. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंगचे शिक्षण घेणारा एक दलित तरुण लग्नासाठी आला होता. दुकानात बसला असता त्याचा मोबाइल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. तेथे बसलेल्या जमावाने ती बंद करायला सांगितली, वाद झाला, त्याला मारहाण करत उचलून नेले आणि ठार केले. जलसा उधळायला पूर्वी गाव जमत असे. जलशाला जागा होती, वेळ होती, सोबत शेदोनशे माणसे होती. रिंगटोन खिशात असते आणि फोन कोण केव्हा करील ते खिशाच्या मालकाच्या हातात नसते. आपली ओळख आपण निवडलेल्या वेळी नव्हे, तर कोणत्याही क्षणी, कोणत्याही टेबलाशेजारी मोठ्याने उच्चारली जाते. हे या यंत्राने आणलेले नवे धैर्य आहे आणि नवा धोकाही. त्या गाण्यातली बाबासाहेबांची ओळ वाजली. ती लिहिणाऱ्याचे नाव वाजण्याआधीच फोन हिसकावला गेला असता, आणि मुळात ते त्या रिंगटोनमध्ये असण्याचे कारणच नव्हते.

आता मालकीचा प्रश्न. आमचे काही मित्र म्हणतात, गाणे समाजाचे, त्यावर नाव कशाला? नावाचा हव्यास हा भांडवली संस्कार आहे. मला हे म्हणणे अर्धे पटते. मौखिक परंपरेत गाणे हातोहात जाते आणि जावे. पण व्यवहारात काय होते ते तपासा. यूट्यूबने २००७ पासून ध्वनी ओळखणारी यंत्रणा बसवली आहे. तुम्ही जयंतीचे चित्रीकरण चढवा, मागे लाउडस्पीकरवर एखाद्या कंपनीचे भीमगीत वाजत असेल तर यंत्र ते ओळखते आणि जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळवू शकते. यंत्र ओळखते ते ध्वनिमुद्रण. ते ज्याच्या नावाने नोंदले आहे तो मालक. कवीचे नाव गाण्यात स्पष्ट ऐकू येत असले तरी यंत्राला ते नाव नाही, नुसता आवाज आहे. म्हणजे गाणे समाजाचेही राहिले नाही. ते नोंद करणाऱ्याचे झाले. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकाराला मानधनातला वाटा सोडून देता येणार नाही असे ठरले. कायदा चांगला आहे. कवी गेल्यावर साठ वर्षे हक्क टिकतो. वामनदादांच्या गाण्यांवर तो २०६४ अखेरपर्यंत आहे. पण हक्क मागायला आधी कोणाचे गाणे ते लिहिलेले लागते, आणि तिथे लिहिलेले असते ‘पारंपरिक’.

हा ‘पारंपरिक’ शब्द मला फार बोचतो. ज्यांच्याकडे वंशावळ्या आहेत, ज्यांच्या पणजोबांची पत्रे दप्तरखान्यात जपली आहेत, त्यांचे काव्य कधी पारंपरिक होत नाही. त्याला कवी असतो, जन्मगाव असते, मतभेद असतात. परंपरा नावाचा अनामिक मजूर नेहमी आमच्याच वस्तीत राहतो.

गेल्या जयंतीला मामांच्या नातीने मला तिच्या मोबाइलवर एक गाणे ऐकवले. चाल बदललेली, ढोलकीच्या जागी यंत्राचा ठेका. दोन कडवी आणि मग पुन्हा ध्रुवपद. गाणे मामांचे होते. खाली गायकाचे नाव, कंपनीचे नाव, आणि गीत: पारंपरिक. मामी वारल्या तेव्हा वही तिच्याकडे आली होती. तिने घरी जाऊन शेवटचे कडवे त्या गाण्याखाली टंकून टाकले, वहीच्या पानाचा फोटो आपल्या खात्यावर लावला आणि लिहिले, हे माझ्या आजोबांचे आहे.

त्याखाली लोकांनी जयभीम लिहिले, एकाने जातीवरून घाण लिहिली, आणि तीन दिवसांनी परभणीकडच्या एका गृहस्थांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते: ताई, राग मानू नका, हे गाणे आमचे वडील म्हणायचे आणि शेवटच्या कडव्यात आमच्या वडिलांचे नाव यायचे.

मामांनी ते कोठून तरी ऐकून त्यात आपली छाप घातली, की परभणीच्या शाहिराने मामांचे घेतले, की दोघांनीही कोणा तिसऱ्याचे? जलशांच्या काळात असे होत असे. नातीचा चेहरा उतरला होता. मी तिला म्हटले, त्यांच्याकडे वही आहे का विचार, आणि असेल तर सगळी पाने मागव, नुसते ते कडवे नको. तिने विचारले आहे. ते म्हणाले, वही गावी आहे, पत्र्याच्या पेटीत. दिवाळीला जाईन तेव्हा काढतो.