कंदिलाची काच

आपल्या सोसायटीतल्या मुलांना कंदील म्हटलं की दिवाळीचा आकाशकंदीलच डोळ्यांसमोर येतो. आम्हा ज्येष्ठांना मात्र काजळी धरलेली काच आणि तिन्हीसांजेची दिवाबत्ती आठवते.

रॉकेलचे कंदील आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले, तेही परदेशी बनावटीचे. देशी काच करण्याची धडपड पुढे सुरू झाली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, लोकमान्यांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. वर्गणी गोळा करणं किती जिकिरीचं, हे आपल्या कमिटीला वेगळं सांगायला नको!

१९१४ च्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाचा काचमाल बंद झाला. १९१६ मध्ये कराडजवळ, औंध संस्थानच्या जागेत ओगले बंधूंनी ओगले ग्लास वर्क्स सुरू केलं. ती वस्ती म्हणजेच ओगलेवाडी. कराडचं रेल्वे स्टेशन तिथेच आहे. त्यांच्या कंदिलाचं नाव 'प्रभाकर'. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि ते ओगल्यांच्या वडिलांचंही नाव. हा कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. बँकेच्या खेड्यातल्या शाखेत दिवसाचा हिशोब आम्ही अशाच कंदिलापाशी जुळवलेला आहे.

कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्या केवळ आधारासाठी नसतात. ज्योतीने तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी नळ्यांतून हवा खाली येऊन वातीला मिळते. म्हणून वाऱ्यातही तो विझत नाही. मात्र त्याची निगा रोजची. वात सरळ कातरायची, नाहीतर ज्योतीला शिंग फुटतं आणि काच काळवंडते. काच थंड झाल्यावरच राखेने किंवा कोरड्या फडक्याने पुसायची. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला की तडा ठरलेला. रॉकेल भरायचं ते कंदील विझवून.

लग्नाच्या वरातीतल्या पेट्रोमॅक्सचा थाट वेगळा. पंप मारून रॉकेलची वाफ करायची आणि ती जाळीदार मेंटलमध्ये जळायची. एकदा जळलेलं मेंटल म्हणजे नुसती राख. बत्ती आपटली की उजेड गेला.

आकाशकंदील तेव्हा घरीच होई. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि आत पणती. पुढे बल्ब आला, आता एलईडीच्या माळा आल्या. पणती गेली तरी धोका गेलेला नाही. वायर सोललेली नको, जोड उघडा नको, आणि कागदी कंदिलात तापणारा जुना बल्ब तर नकोच. दिवाळी संपल्यावर कंदील पुसून, वायर सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवला तर पुढच्या वर्षी कामी येतो.

आपली तरुण मंडळी तंबू घेऊन पवनेला, भंडारदऱ्याला जातात. त्यांना एवढंच सांगणं: रॉकेलचा किंवा गॅसचा दिवा बंद तंबूत कधीही लावू नका. आगीची भीती आहेच, पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. तंबूत बॅटरीचा कंदीलच बरा. घरी आल्यावर त्यातले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून दिवा खराब करतात.

ओगलेवाडीचा कारखाना केव्हाच बंद पडला. पण कुणाच्या माळ्यावर प्रभाकर कंदील असेल, तर भंगारात देऊ नका. काच पुसा, नवी वात घाला आणि नातवंडांना एकदा तरी गॅलरीत लावून दाखवा.