साडेबारा टक्क्यांचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिलेला विषय ‘विमानतळ आणि प्रादेशिक विकास’ असा भारदस्त आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. शाळेत शिकलेली टक्केवारी केव्हाच विसरलो. खरी टक्केवारी शिकलो ती बोनसच्या वाटाघाटींत. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस चार टक्के ठरविला होता. पुढे तो ८.३३ टक्के झाला. म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याचा पगार. चारावरून आठाच्या पुढे जाण्याचा हा प्रवास काही गणिताने झाला नाही, तो कामगारांच्या मागणीने झाला. तेव्हापासून कोणताही टक्का माझ्यासमोर आला की मी प्रथम विचारतो : हा कोणी मागितला, कोणी दिला, आणि द्यावा का लागला? नवी मुंबईच्या विमानतळाचा इतिहास आज मी याच प्रश्नाचे बोट धरून सांगणार आहे.

या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि सर्व टप्पे पुरे झाल्यावर नऊ कोटी, अशी योजना आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि भोवती शहर दाटलेले आहे. तेव्हा दुसऱ्या विमानतळाची गरज खरी होती, हे प्रथमच मान्य करतो. हा विमानतळ सरकार आणि खाजगी भांडवल यांच्या भागीदारीतून उभा राहिला. खाजगी कंपनीचे ७४ टक्के, सिडकोचे २६ टक्के. बेरीज बरोबर शंभर होते. कागदावर भागीदार दोनच. परंतु विमानतळ कागदावर बांधीत नाहीत, जमिनीवर बांधतात. आणि जमीन तर तिसऱ्याचीच होती!

ती जमीन त्या तिसऱ्याची कशी झाली होती, हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, शेतकरी मुळात खोताचे कूळ. खाडीचे पाणी बांध घालून अडवावे, खारी जमीन गोडी करावी, तीत भात पिकवावे आणि त्यातला मोठा वाटा खोताच्या घरी पोचवावा, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसण्याचेच नाकारले. हा संप वर्षानुवर्षे चालला. लोकांनी उपास काढले, पण नांगर धरला नाही. पुढे कूळ कायदे झाले आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणारा तो मालक ठरला. तेव्हा कोठे अनेक कुळांची नावे सातबाऱ्यावर मालक म्हणून चढू लागली.

आता पुढची तारीख ध्यानात घ्या. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. म्हणजे जमीन नावावर होण्यास पिढ्या लागल्या, आणि ती जाण्याची नोटीस यावयास तेरा वर्षे पुरली!

नव्या मुंबईची कल्पना वाईट नव्हती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून ती मांडली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी, तेथे सुनियोजित शहर वसवावे, असा तिचा हेतू होता. पण शहरासाठी पैसा कोठून आणावयाचा? सिडकोने उत्तर काढले ते असे : शेतीच्या भावाने जमीन घ्यावी, रस्ते-पाणी-गटारे करावीत, मग तीच जमीन शहराच्या भावाने विकावी आणि येणाऱ्या पैशातून पुढचे शहर बांधावे. हा पैसा सगळा वाया गेला असे मी म्हणणार नाही. मानखुर्द ते वाशी ही रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली, तिच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. परंतु दोन भावांमधले जे अंतर, ज्यावर हे सारे शहर उभे राहिले, ते कोणाच्या खिशातून आले? शेतकऱ्याने शहराला भांडवल पुरविले. फक्त त्याला भागीदार कोणी म्हटले नाही.

हे अन्यायाचे गणित ज्याने लोकांना समजेल अशा भाषेत सांगितले तो माणूस म्हणजे जासईचे दि. बा. पाटील. पेशाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, पनवेलचे आमदार आणि पुढे खासदार. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी उरण तालुक्यातील शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवशी पोलिसांनी गोळीबार केला आणि दास्तान व जासई परिसरात पाच शेतकरी हुतात्मे झाले. आजही दरवर्षी त्या दिवशी तेथे लोक जमतात. या आंदोलनातून एक तत्त्व पुढे आले : रोख मोबदला संपून जातो, म्हणून जी जमीन घेतली तिचा काही भाग विकसित करून मूळ मालकाला परत द्या. सरकारने ६ मार्च १९९० च्या निर्णयाने हे तत्त्व मान्य केले आणि १९९४ मध्ये त्याची व्याप्ती वाढविली. हाच तो साडेबारा टक्के.

तथापि टक्का मिळाला म्हणजे पदरात पडला असे होत नाही, हे कोणताही कामगार सांगेल. साडेबारातून पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा झाले. हाती राहिले पावणेनऊ. शंभर गुंठे दिले त्याला पावणेनऊ गुंठे. तेही आज नाही, रांग लावून. वारसांचे दाखले, मोजणी, हरकती, खेटे! भूखंड मिळेपर्यंत धीर न धरवल्याने कितीतरी जणांनी आपला हक्क आधीच बिल्डरांना विकून टाकला. विकासाचा नफा शेतकऱ्याला मिळावा म्हणून काढलेली योजना. तिच्यातला मोठा नफा ज्याला थांबता येते त्याला मिळाला. गरिबाला थांबणे परवडत नाही, हा अर्थशास्त्राचा नियम ग्रंथांत नसेल, पण बाजारात आहे.

आता विमानतळाकडे येऊ. केंद्र सरकारने २००७ मध्ये त्याला तत्त्वतः मंजुरी दिली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणाची परवानगी मिळाली. १,१६० हेक्टर जागा. मध्ये सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी, ती सुरुंग लावून सपाट करावयाची. उलवे नदी वाहत होती, तिचा प्रवाह वळवावयाचा. आणि उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोल्ही, कोपर, चिंचपाडा अशी दहा गावे उठवावयाची. या वेळी मात्र गावकरी १९७० चे राहिले नव्हते. त्यांच्या पाठीशी १९८४ होते. वाटाघाटी लांबल्या आणि २०१३-१४ मध्ये साडेबावीस टक्के विकसित जमिनीवर तडजोड झाली. घरांसाठी वेगळे भूखंड ठरले. दोन आकड्यांमध्ये दहा टक्क्यांचा फरक आहे. तो सिडकोच्या औदार्याचा नव्हे. तो १९८४ च्या आठवणीचा आहे.

भागीदारीतल्या खाजगी बाजूचा इतिहासही थोडक्यात सांगतो. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई येथील विमानतळ खाजगी कंपन्यांच्या हाती देण्याचे ठरले, तेव्हा विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारीच्या आरंभी देशभर संप केला. चार दिवसांत तो मिटला. खाजगीकरण थांबले नाही. मुंबईच्या करारात उत्पन्नाचा ३८.७ टक्के हिस्सा प्राधिकरणाला द्यावयाचा ठरला. नवी मुंबईचे कंत्राट फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरले. बोली दोनच आल्या. जीव्हीके समूहाच्या कंपनीने सिडकोला उत्पन्नाचा १२.६० टक्के हिस्सा देऊ केला, जीएमआरने १०.४४ टक्के. जास्त बोलीला काम मिळाले आणि २०२१ मध्ये ते सारे अदानी समूहाकडे गेले. एक विमानतळ तयार प्रवाशांसह मिळाला, दुसरा चिखलातून उभारावयाचा होता. म्हणून दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करणे न्यायाचे होणार नाही.

पण १२.६० हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा क्षणभर थांबलो. जवळपास साडेबारा टक्के! शेतकऱ्याच्या वाट्याला आला जवळजवळ तोच आकडा सिडकोच्या वाट्याला आला. फरक इतकाच की सिडकोचा टक्का उत्पन्नावर आहे, कराराची तीस वर्षे तो येत राहील आणि विमाने वाढतील तसा वाढेल. शेतकऱ्याचा टक्का जमिनीवर आहे, एकदाच मिळणारा. ज्याला भागीदार मानले त्याला उत्पन्नात हिस्सा. ज्याला प्रकल्पग्रस्त म्हटले त्याला भूखंड. शब्दाने माणसाचा हिस्सा ठरतो, तो असा.

आणि ज्यांना एकही टक्का मिळाला नाही त्यांचे काय? साडेबारा असो वा साडेबावीस, तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. दुसऱ्याच्या शेतात लावणी-कापणी करणारी मजूर बाई, मिठागरावर मीठ ओढणारा माणूस, खाडीत जाळे टाकणारा कोळी, रानातून लाकूड आणणारा कातकरी यांचे पोट त्याच जमिनीवर आणि त्याच पाण्यावर भरत होते. खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? कोणाच्याच नाही, म्हणून खाडी गेली तेव्हा कागदोपत्री कोणाचेच काही गेले नाही. आमच्या चळवळींनीही हा दोष कबूल केला पाहिजे. जमीनवाल्याचा टक्का आम्ही मोठ्याने मागितला. बिनजमिनीच्या माणसासाठी तेवढ्या आवाजात मागणी झाली नाही.

तीच गोष्ट विमानतळावरील कामगाराची. सामान चढवणारा, झाडलोट करणारा, पहारा देणारा पुष्कळदा ठेकेदाराचा माणूस. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा, सिडकोच्याच वयाचा; त्याच्या नावात ‘निर्मूलन’ हा शब्द होता. पन्नास वर्षांत कंत्राट निर्मूल झाले नाही, कायम नोकरी मात्र होत आली. स्थानिकांना नोकऱ्या हे आश्वासन प्रत्येक समारंभात दिले जाते. कोणत्या नोकऱ्या, कोणत्या पगारावर, किती वर्षांसाठी, हे करारात लिहिले नसेल तर ते आश्वासन हारतुऱ्यांबरोबर सुकते.

याहून निराळे होऊ शकते काय? काही अंशी होऊ शकते. केरळात कोचीचा विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला. तेथेही भागीदारीच, परंतु राज्य सरकार सर्वांत मोठे भागधारक राहिले आणि त्याच्या जोडीला हजारो लहान भागधारक, त्यांत परदेशांत राबणारे मल्याळी पुष्कळ. घरे गेलेल्या कुटुंबांना जागेबरोबर टॅक्सीचे परवाने आणि विमानतळावरील कामे देण्यात आली. कोची स्वर्ग आहे असे नव्हे. पण खाजगी भांडवल म्हणजे एकच बडे घर असेच काही नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, ज्याला ‘नैना’ म्हणतात, आरंभी २७० गावे घेतली होती. तेथील नगररचना योजनांत शेतकऱ्याला चाळीस टक्के भूखंड ठेवून साठ टक्के द्यावयाचे, आणि शेतकऱ्यांचा त्याला विरोध झाला. २०२५ मध्ये पुरंदर तालुक्यातील सात गावांत विमानतळासाठी भूसंपादनाची हालचाल सुरू झाली, तेथेही लोक उभे राहिले. राज्याच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये नव्या मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यापूर्वी २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र त्या नावासाठी मानवी साखळी करून उभे होते. ते नाव योग्यच. पण दिबांचे खरे स्मारक पाटीवर नसून त्या टक्क्यात आहे, हे विसरू नये.

श्रोतेहो, पुढच्या वेळी कोणी भागीदारीची योजना घेऊन गावात आला तर त्याला इतकेच विचारा : या शंभरात जमीन देणाऱ्याचे किती, राबणाऱ्याचे किती, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे किती? उत्तर मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नका. आणि विचारावयास एकटे जाऊ नका. एकट्याला मिळते ते आश्वासन, टक्का मिळतो तो संघटनेला.