पवळाबाईचं नाव कुणाच्या नावामागे लावायचं?

पुणे-नाशिक महामार्गावर संगमनेरच्या अलीकडे हिवरगाव पावसा लागतं. आता ते लोकांना टोलनाक्यामुळे माहीत आहे. पण हे पवळाबाईचं गाव. पवळा तबाजी भालेराव हिवरगावकर, महारवाड्यातली बाई. नाच्या पोऱ्या जाऊन तमाशाच्या बोर्डावर खरी बाई उभी राहिली, ती पहिली बाई म्हणजे पवळा असं मानलं जातं.

भीमजयंतीच्या तयारीच्या एका बैठकीत आम्ही सुचवलं की जिल्ह्यातल्या स्त्रियांच्या बॅनरवर पवळाबाईचंही नाव घ्यावं. एक ज्येष्ठ कार्यकर्ते ताडकन म्हणाले, "बाबासाहेबांनी जो पैसा नाकारला, तो हिच्याच नाचण्याचा होता. तिला तुम्ही बॅनरवर बसवणार?" बैठक तिथंच थांबली. मुलं आमच्याकडे बघायला लागली. दादांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच उत्तर शोधणं भाग होतं.

तो प्रसंग चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. महाडचा सत्याग्रह उभा राहत होता, पैशांची चणचण होती. पठ्ठे बापूरावांनी तमाशाचे खेळ करून त्याचं उत्पन्न द्यायची तयारी दाखवली. बाबासाहेबांनी नकार दिला. अस्पृश्य बायकांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्याला नको, ही भूमिका. पण नीट बघा. देणगी घेऊन आले होते ते बापूराव. म्हणजे नकार मिळाला तो फडाच्या मालकाला आणि बाईचं शरीर तिकिटावर विकणाऱ्या व्यवस्थेला. पवळेला कुणी विचारलंच कधी? पैसा तिच्या घामाचा, देणारा दुसरा, नाकारणारा तिसरा.

बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे, जन्म 1866. ब्राह्मण असून तमाशात आले, जात सोडली, म्हणून त्यांच्या त्यागाच्या कथा अजून रंगवून सांगितल्या जातात. त्यांची प्रतिभा आम्हाला मान्य आहे. 1945 साली ते हलाखीतच गेले, हेही खरं. पण ब्राह्मण तमाशात आला की तो 'त्याग', आणि महाराची पोर तमाशात आली की ते तिचं 'नशीब', हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? 1950 साली या विषयावर चित्रपट आला, त्याचं नावही 'पठ्ठे बापूराव'.

पवळाबाईबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतेक रूपाबद्दल. गोरी होती, देखणी होती, लोक वेडे झाले. ती बोर्डावर काय करायची? तमाशात गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायकांना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि तिथं सवाल-जवाबाची खडाखडी चालते. समोरचा पुरुष शब्दात दोन अर्थ घालून फेकणार आणि बाईनं तो झेलून हजार माणसांसमोर परतवायचा. याला डोकं लागतं, वेळ साधावी लागते. नुसत्या देखणेपणावर गवळण उभी राहत नाही.

तरी विनोदाचं श्रेय सोंगाड्याला. आणि गवळणीतली हसवणारी बाई, ती मावशी, तीही पुरुषच लुगडं नेसून करणार! म्हणजे बाईचा विनोदसुद्धा बाईच्या हातात ठेवायचा नाही. 'गाढवाचं लग्न' घ्या. दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार सगळ्यांना आठवतो. पण सावळ्याला तोडीस तोड बोलणारी गंगी प्रभा शिवणेकर करायच्या. गंगीनं वेळेवर फटकारलं नाही तर सावळ्याचं वाक्य हवेतच राहील. आमच्या गटातल्या पंचवीस मुलामुलींना हे नाव विचारलं, एकालाही सांगता आलं नाही.

चित्रपटांनी तर वेगळंच केलं. 'सांगत्ये ऐका' (1959) असो की 'पिंजरा' (1972), तमासगिरीण पडद्यावर नायिका झाली, पण ती भूमिका तंबूतल्या बाईला मिळाली नाही. तंबूतली बाई तंबूतच.

आता दादांच्या मुद्द्याकडे. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी यांच्या सभेत बोलले. हे जिणं सोडा, असं स्पष्ट सांगितलं. पोट कसं भरायचं असं विचाराल, तर त्याचे शेकडो मार्ग आहेत, या आशयाचं ते बोलले. कठोर बोलले, पण त्या बायकांसमोर जाऊन बोलले. त्यांना वगळून बोलले नाहीत. आम्ही समाजशास्त्र शिकताना एक प्रश्न मनात ठेवला आणि तो अजून सुटलेला नाही: 1936 साली जमीन नसलेल्या महार बाईला ते शेकडो मार्ग खरोखर किती उघडे होते? हा प्रश्न विचारणं म्हणजे बाबासाहेबांना विरोध नव्हे. मार्ग बंद करणारे कोण होते, ते शोधायला तो विचारावा लागतो.

आंबेडकरी जलशानं तमाशाचा साचा घेतला आणि आतून बदलला. भीमराव कर्डकांच्या जलशात सोंगाड्या राहिला, त्याच्या तोंडून भटजी-सावकाराची खिल्ली उडाली. बाईला नाचवणं बंद झालं, हा मोठा विजय. पण स्त्रीपात्रंही पुरुषच करू लागले. नाचणारी बाई गेली, तिच्याबरोबर बोलणारी बाईही गेली. ती परत यायला आपल्याला शाहिरी करणाऱ्या मुलींची वाट पाहावी लागली.

याच संगमनेरात कांताबाई सातारकर राहिल्या. गुजरातेत दगडखाणीवरच्या कष्टकरी आईबापाच्या पोटी जन्म, साताऱ्यात बालपण, मग तुकाराम खेडकरांचा फड. 1964 मध्ये खेडकर गेल्यावर लेकरं पदरात घेऊन त्यांनी स्वतःचा फड उभा केला, पुरुष भूमिकाही केल्या. त्यांचा मुलगा रघुवीर नावाजलेला सोंगाड्या झाला. 25 मे 2021 रोजी, कोरोनाच्या काळात, त्या गेल्या. पवळेकडे जे नव्हतं ते कांताबाईंनी मिळवलं: फड बाईचा, हिशेबाची वहीही बाईच्या हातात.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत मांडलं. दादा पूर्ण पटले नाहीत. "नाचाचं कौतुक नको," म्हणाले. आम्ही म्हटलं, कौतुक नाचाचं नाही करायचं, तिची नोंद करायची आहे. शेवटी नाव घालायचं ठरलं. खाली एक ओळ काय लिहायची यावर रात्री अकरापर्यंत वाद चालला. एका मुलीनं लिहून आणलं होतं, 'पठ्ठे बापूरावांची पवळा'. दादांनीच पेन मागून घेतलं आणि पहिले दोन शब्द खोडले.