हाय-रेझोल्यूशन ऑडिओ : हेडफोनवरील श्रवण

सीडीसाठी ठरलेल्या मापांपेक्षा अधिक नमुने किंवा अधिक बिट वापरून मुद्रित केलेला डिजिटल ध्वनी. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने साठवलेले असतात आणि प्रत्येक नमुन्याच्या वाट्याला १६ बिट येतात. ‘हाय-रेझ’ या चालू नावाने मिळणाऱ्या संगीतात बिट साधारणतः २४ असतात आणि नमुनादर बहुधा ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ. या वाढीव मापांमुळे हेडफोनवर गाणे खरोखर अधिक चांगले ऐकू येते का, हा वाद जुना आहे. आतापर्यंतच्या चाचण्यांचा कौल असा : मास्टर (प्रती काढण्यासाठी तयार केलेली अंतिम ध्वनिप्रत) एकच असेल, आवाजाची पातळी तंतोतंत जुळवलेली असेल आणि कोणती फाइल चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल, तर बहुतेकांना फरक ओळखता येत नाही, तयार कानाच्या काहींना तो थोडाफार ओळखता येतो. हाय-रेझ ऐकून ज्यांना जास्त आनंद झाला त्यांचा आनंद खोटा नसतो. त्याचे श्रेय मात्र बहुतेक वेळा मास्टरिंग करणाऱ्या तंत्रज्ञाला द्यायला हवे.

सीडीचा ४४,१०० हा आकडा व्हिडिओ टेपवरून आला. १९७० च्या दशकात एवढी डिजिटल माहिती साठवायची सोय व्हिडिओ टेपवरच होती, म्हणून ध्वनीचे नमुने चित्राच्या ओळींमध्ये बसवले जात. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येक फील्डमध्ये वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३ नमुने, गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० फील्ड आणि २९४ ओळी. गुणाकार पुन्हा तोच. माणसाच्या कानाची वरची मर्यादा २०,००० हर्ट्झ धरली जाते. तिच्या दुपटीहून थोडा मोठा आणि दोन्ही पद्धतींत बसणारा म्हणून हा आकडा टिकला. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ‘रेड बुक’ या नियमावलीत तो पक्का केला आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सीडी विक्रीला आली.

नमुनादर : ध्वनीतली सर्वांत मोठी वारंवारता नमुनादराच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या नमुन्यांवरून मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या कामापासून सुरू झालेला हा विचार कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि शॅनन यांनी १९४९ मध्ये गणिताने सिद्ध केला. जाहिरातींमध्ये सीडीची लहर जिन्याच्या पायऱ्यांसारखी आणि हाय-रेझची गुळगुळीत दाखवतात, ते चित्र दिशाभूल करणारे आहे. नमुन्यांचे ध्वनीत रूपांतर झाल्यावर जी फिल्टरची पायरी असते तीतून बाहेर पडणारी लहर दोन्ही बाबतींत सारखीच सलग असते. नमुनादर वाढवला की लहर अधिक गुळगुळीत होत नाही, वरच्या वारंवारतेची मर्यादा तेवढी पुढे सरकते. सीडीची ही मर्यादा २२,०५० हर्ट्झ आहे. तरुण, निरोगी कान २० हजारांच्या आसपास थांबतो आणि पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना १५ हजारांच्या वरचे काही ऐकू येत नाही.

तंबोऱ्याची जवारी हाय-रेझमध्ये अधिक खुलते, असे आपल्याकडचे रसिक सांगतात. इथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे १३८ हर्ट्झ धरला, तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. तिच्यातून उमटणारा स्वयंभू गंधार हा मूळ वारंवारतेच्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या जवळ असतो. जवारीमुळे तारेतून निघणारी उपस्वरांची मोठी रांग यापुढे काही हजार हर्ट्झपर्यंत जाते, आणि कानाला जो भरलेपणा जाणवतो तो तिथेच तयार होतो. हे सगळे सीडीच्या मर्यादेच्या फार आत आहे. जवारी दबलेली वाटत असेल, तर माइक कुठे ठेवला होता आणि मुद्रण नंतर किती दाबले गेले, हे आधी तपासावे.

हेडफोनच्या संदर्भात एक आक्षेप नेमाने घेतला जातो. दोन कानांवर ध्वनी पोहोचण्यातला सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही माणसाला कळतो आणि त्यावरून आवाज कोणत्या बाजूचा हे ठरते. सीडीचे दोन नमुने मात्र जवळजवळ २२.७ मायक्रोसेकंद अंतरावर असतात. मग सूक्ष्म दिशाज्ञान हरवत नाही का? हरवत नाही. लहर किंचित आधी आली की किंचित नंतर, याची नोंद नमुन्यांच्या किमतींमध्ये होते. लहरीने नमुन्याच्या क्षणावरच सुरू व्हावे अशी अट नाही. मर्यादेच्या आतल्या ध्वनीसाठी सीडी दोन नमुन्यांमधल्या अंतराच्या कितीतरी बारीक भागापर्यंत वेळ पाळते.

फिल्टरचा मुद्दा मात्र गंभीर आहे. २०,००० ते २२,०५० हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्टीत ध्वनी जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. सुरुवातीच्या काही सीडी प्लेअरमध्ये हे काम अतिशय तीव्र उताराच्या अॅनालॉग फिल्टरांकडे होते आणि त्यांच्याबद्दलच्या तक्रारींत तथ्य होते. ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे वाजवताना नमुनादर गणिताने वाढवण्याची पद्धत, आल्यावर बहुतेक काम डिजिटल फिल्टरकडे गेले आणि ही अडचण जवळजवळ मिटली. पूर्णपणे मिटली का, यावर संशोधकांचे एकमत नाही. जॅक्सन, कॅप आणि स्टुअर्ट यांनी २०१४ मध्ये अशा फिल्टरांचा परिणाम चांगल्या स्पीकरवर ऐकू येऊ शकतो असे मांडले.

बिटांचा हिशेब : प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल मिळतात. १६ बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत मंद ध्वनी यांत ९६ डेसिबलांचे अंतर बसते, २४ बिटांत कागदावर १४४ डेसिबलांचे. प्रत्यक्षात उत्तमोत्तम डीएसी (नमुन्यांचे ध्वनीत रूपांतर करणारी उपकरणे) १२० ते १३० डेसिबलांच्या आसपास थांबतात, त्यामुळे २४ पैकी शेवटचे काही बिट वाजतच नाहीत.

इथे हेडफोनची बाजू स्पीकरपेक्षा भक्कम आहे. शांत म्हटलेल्या घरातही ३० डेसिबलांच्या आसपास गुणगुण असते : पंखा, फ्रीज, खालचा रस्ता. स्पीकरवर ती मंदातला मंद ध्वनी झाकून टाकते. बंद हेडफोन किंवा कानात नीट बसणारे इअरफोन बाहेरचा आवाज अडवतात, त्यामुळे मंद तपशील उघडे पडतात. तरीही आकडे पाहावेत. गाण्याचे सर्वांत उंच क्षण १०० डेसिबलांवर ठेवले, जे आधीच फार मोठे आहे, तर १६ बिटांची खरखर सुमारे ४ डेसिबलांवर राहते. ती ऐकू येणे जवळपास अशक्यच. १६ बिटांत उतरवताना मुद्दाम मिसळलेला डिदर नावाचा सूक्ष्म गोंगाट ही खरखर एकसारखी ठेवतो, आणि त्या गोंगाटाला योग्य आकार दिला तर तो कान कमी संवेदनशील असलेल्या वारंवारतांकडे सरकवता येतो. शिवाय माइक, प्रीअँप आणि मैफलीची खोली यांचा स्वतःचा आवाज बहुतेक वेळा याच्या कितीतरी वर असतो. जुन्या अॅनालॉग टेपची झेप ६०-७० डेसिबलांची, म्हणजे १०-१२ बिटांची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची त्याहूनही कमी.

स्टुडिओत २४ बिट लागतात, याबद्दल वाद नाही. गायक अचानक चढला तर आवाज फाटू नये म्हणून मुद्रण खालच्या पातळीवर करतात, पुढे अनेक ट्रॅक मिसळतात, पातळ्या बदलतात. या प्रत्येक पायरीवर जादा बिट उपयोगी पडतात. ही गरज काम करणाऱ्याची आहे. तयार झालेले गाणे ऐकणाऱ्यावर ती लादण्याचे कारण नाही.

चाचण्या : ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली चाचणी सर्वांत जास्त चर्चेत राहिली. सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओवरचा ध्वनी त्यांनी एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापांच्या फेऱ्यातून नेऊन ऐकवला. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के, नाणे उडवून मिळतील तेवढीच. आवाज फारच वाढवल्यावर मात्र १६ बिटांची खरखर ऐकू आली. त्यांनी वापरलेल्या काही तबकड्यांचे मूळ मुद्रणच सीडीच्या दर्जाच्या पुढचे नव्हते, ही टीकाही रास्त आहे. याच लेखकांनी एक निरीक्षण नोंदवले, जे मला चाचणीइतकेच महत्त्वाचे वाटते : त्या तबकड्या बहुतेक सीडींपेक्षा छानच वाजत होत्या, आणि त्याचे कारण त्यांच्यावर घेतलेली मेहनत हे होते.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोग एकत्र तपासले. १२,५०० हून अधिक प्रयत्नांत बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२.३ टक्के निघाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा निव्वळ योगायोग नाही, पण फरक अगदीच बारीक. आधी काय ऐकायचे याचे प्रशिक्षण दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या थोडे पुढे गेले. दोन्ही बाजूंनी हा निबंध आपापल्या सोयीने उद्धृत होतो. मला त्याचा अर्थ सरळ दिसतो : फरक कदाचित आहे, तो शिकून ऐकावा लागतो आणि शिकलेल्यांचाही अंदाज बऱ्याचदा चुकतोच.

जपानमध्ये त्सुतोमू ओओहाशी यांच्या गटाने बालीच्या गॅमेलान वाद्यवृंदावर प्रयोग केले. या वाद्यांतून श्राव्यातीत वारंवारताही निघतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्या वारंवारतांमुळे ऐकणाऱ्यांच्या मेंदूच्या क्रियेत बदल दिसला. हाय-रेझच्या समर्थनार्थ हा निबंध हमखास पुढे केला जातो. याच गटाच्या २००६ च्या निबंधात मात्र श्राव्यातीत भाग इअरफोनमधून दिल्यावर परिणाम दिसला नाही. स्पीकरमधून सगळ्या शरीरावर पडल्यावरच दिसला. म्हणजे ज्या पुराव्यावर हेडफोनवाल्यांची भिस्त असते, तोच त्यांच्या विरुद्ध जातो. श्राव्यातीत ध्वनी जोरात वाजवला तर उपकरणातच विकृती तयार होऊन तिचे अंश ऐकू येण्याच्या पट्टीत उतरतात, हाही धोका आहे. तसे झाले तर फरक ऐकू येईल, पण तो सुधारणेचा नसेल.

हेडफोन : या साखळीत सर्वांत जास्त बदल करणारी वस्तू हेडफोनच असते. दोन चांगल्या मॉडेलांमध्ये काही वारंवारतांवर ५-१० डेसिबलांचा फरक सहज असतो. चष्म्याच्या काडीमुळे गादीला फट पडली, तर खर्ज उतरतो. इअरफोनची रबरी टोपी बदलली, तर गाण्याचा तोल बदलतो. १६ आणि २४ बिटांतला फरक याच्या जवळपासही पोहोचत नाही. जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली, तेव्हा किंमत आणि वारंवारतेचा प्रतिसाद यांत संबंध आढळला नाही. सोनेरी-काळे ‘हाय-रेझ ऑडिओ’ चिन्ह मिळवायला हेडफोनने ४०,००० हर्ट्झपर्यंत प्रतिसाद द्यावा लागतो. ८,००० हर्ट्झवर त्याचा सूर किती बिघडतो, याबद्दल ते चिन्ह काहीच सांगत नाही.

बिनतारी हेडफोनवर तर प्रश्नच वेगळा होतो. सीडीचा ध्वनी सेकंदाला १,४११ किलोबिट मागतो, २४ बिट व १९२ किलोहर्ट्झचा ९,२१६. सोनीचा एलडॅक हा प्रकार ब्लूटूथवरून जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेतो, एएसी त्याच्या चौथाईच्या आसपास. थोडक्यात, यांवरून जे जाते ते दाबून, काही माहिती गाळूनच जाते. अॅपल म्युझिकने २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस (काहीही माहिती न गाळलेले) आणि हाय-रेझ संगीत सुरू केले, तेव्हा स्वतःच्या एअरपॉड्सवर ब्लूटूथने ते लॉसलेस पोहोचत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

मग पैसे देऊन घेतलेला हाय-रेझ अल्बम जुन्या सीडीपेक्षा सरस का वाटतो? बहुधा तो पुन्हा मास्टर केलेला असतो म्हणून. १९९० च्या दशकापासून अनेक सीडी इतक्या जोराने दाबल्या गेल्या की तबल्याची थाप आणि मागचा सूर एकाच पातळीवर आले. मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या २००८ च्या अल्बमबद्दल चाहत्यांनीच याविरुद्ध आवाज उठवला. त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती मोकळी वाजत होती. हाय-रेझचे काही मास्टरिंग या चढाओढीतून सुटले आणि ऐकणाऱ्याला मोकळा श्वास मिळाला. तोच मास्टर १६ बिटांत उतरवला, तरी मोकळेपणा टिकतो.

स्वतः खात्री करायची असेल, तर दोन दुकानांतल्या दोन फायली घेऊ नयेत. एकच हाय-रेझ फाइल घ्यावी, तिची डिदरसह १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झची प्रत करावी आणि ती प्रत पुन्हा मूळ मापांत चढवावी, म्हणजे डीएसीच्या टकटकीवरून किंवा दिव्यावरून सुगावा लागत नाही. मग फूबार२००० सारख्या प्रणालीत एबीएक्स चाचणी करावी, म्हणजे नाव झाकलेली तिसरी फाइल पहिल्या दोनपैकी कोणती हे कानाने ओळखावे. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. पातळीचा अर्ध्या डेसिबलाचा फरकही ‘अधिक स्पष्ट’ असा भासतो, त्यामुळे ती जुळवण्यात आळस करू नये.

एका ठिकाणी मात्र मोठ्या मापांचा आग्रह धरलाच पाहिजे, ते म्हणजे जुन्या तबकड्या, स्पूल आणि कॅसेट यांचे जतन. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटांची आहे आणि ९६ किलोहर्ट्झचा वापर सर्रास होतो. तबकडीवरच्या ओरखड्याची टकटक श्राव्य पट्टीच्या वरही पसरते. ती मुद्रणात आली, तर टकटक नेमकी कुठे आहे हे सॉफ्टवेअरला अचूक सापडते आणि सूर न दुखावता ती काढता येते. महाराष्ट्रात आणि गोव्यात नाट्यसंगीताच्या, भजनांच्या, खाजगी मैफलींच्या कॅसेट अजून घराघरांत पडून आहेत. त्यांची मूळ प्रत २४ बिट व ९६ किलोहर्ट्झवर घ्यावी, त्या वेळी काहीही साफसफाई करू नये आणि ऐकण्यासाठी तिच्यावरून सीडीच्या मापांची दुसरी प्रत काढावी. चुंबकीय फीत वर्षागणिक झिजत जाते, तेव्हा हे काम लवकर करावे.