मूळ घर न पाडता केलेली वाटणी



वाटणी हा शब्द आपल्या कानांना फारसा गोड लागत नाही. वाटणी म्हटली की अंगणात उभे राहिलेले कुंपण आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारे भाऊ डोळ्यांपुढे येतात. आज मी ज्या वाटणीचा इतिहास सांगणार आहे तीत मात्र भाऊबंदकी नाही. संगणकाच्या पोटात हार्ड डिस्क नावाची जी साठवणुकीची चकती असते, तिचे हिस्से पाडण्याची ही हकीकत आहे. हिस्से पाडणे सोपे होते. परंतु त्या चकतीवर आधीपासून नांदत असलेल्या कार्यप्रणालीला धक्का न लावता ते पाडणे सामान्य माणसाच्या हाती येण्यास दोन तपे जावी लागली.

मुळात चकती हीच चैनीची वस्तू होती. आयबीएम कंपनीने १९५६ साली रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यातील साठवणुकीच्या यंत्रणेत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. असल्या यंत्राचे घरात काय काम? १९८१ साली त्याच कंपनीचा व्यक्तिगत संगणक निघाला, तेव्हाही त्यात हार्ड डिस्क नव्हती. सारा कारभार फ्लॉपीवर चाले. १९८३ च्या मार्च महिन्यात एक्सटी नावाचा संगणक आला आणि त्याच्याबरोबर दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. आज या आकड्याचे हसू येईल. पण त्या काळच्या अठ्ठावीस फ्लॉपींचा ऐवज एका पेटीत मावू लागला, हे लक्षात घेतले म्हणजे तत्कालीन लोकांना ही डिस्क केवढे कोठार वाटली असेल याची कल्पना येते.

या कोठारात कोण राहणार, हे मात्र ठरलेले नव्हते. मायक्रोसॉफ्टची डॉस ही कार्यप्रणाली होती, तशीच सीपी/एम-८६ होती आणि युनिक्सच्या वंशातील झेनिक्सही होती. कोणाची सरशी होईल हे सांगता येत नव्हते. म्हणून डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे आरंभीच्या ५१२ बाइटांत, एक छोटासा तक्ता ठेवण्यात आला. त्यात चार नोंदी, प्रत्येक नोंद १६ बाइटांची. सगळा तक्ता अवघ्या ६४ बाइटांचा. हिस्सा कोठे सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या जातीचा आहे आणि संगणक चालू होताना त्यातून आरंभ करावयाचा की नाही, एवढेच त्यात लिहिलेले. तलाठ्याच्या दप्तरातील उताऱ्याची उपमा येथे अगदी चपखल बसते. उताऱ्यात जमिनीच्या हद्दी असतात. त्या जमिनीवर घर कसे बांधले आहे, विहीर कोठे आहे, हे त्यात नसते. डिस्कवरही तसेच. हद्दी एका ठिकाणी लिहिलेल्या, आणि आतल्या फाइली कोठे आहेत याचा जमाखर्च प्रत्येक हिश्श्याच्या पोटात निराळा.

आपल्या गोष्टीचे मर्म या दुहेरी दप्तरातच आहे. डॉसबरोबर हिस्से पाडण्यासाठी एफडिस्क नावाचा कार्यक्रम येई. त्याला फक्त हद्दी लिहिता येत. आत घर आहे की नाही, याची चौकशी तो करीत नसे. एक मोठा हिस्सा मोडून दोन करावयाचे असतील तर जुनी नोंद खोडणे, दोन नव्या नोंदी लिहिणे आणि मग फॉरमॅटच्या आज्ञेने दोन्ही हिश्श्यांत कोरा जमाखर्च उघडणे, एवढाच मार्ग होता. कोरा जमाखर्च उघडला म्हणजे जुन्या फाइलींचा ठावठिकाणाच हरवला. तेव्हा शहाणा माणूस आधी सगळे फ्लॉपींवर उतरवून घेई, वाटणी करी आणि पुन्हा सगळे चढवीत बसे.

डॉसची स्वतःचीही एक अडचण होती. तिला बत्तीस मेगाबाइटांपेक्षा मोठा हिस्सा सांभाळता येत नसे, आणि चार नोंदींपैकी एकच तिला स्वतःसाठी वापरता येई. १९८७ साली निघालेल्या ३.३ या आवृत्तीत विस्तारित हिश्श्याची युक्ती आली: एका नोंदीच्या पोटात अनेक उपहिस्से. पुढच्या वर्षी चौथ्या आवृत्तीत बत्तीसाची मर्यादाही गेली. पण नव्या सोयीबरोबर नवी उधळपट्टी आली. डिस्कवरील जागा ठराविक मापाच्या गाठोड्यांत वाटली जाते. हिस्सा जितका मोठा, तितके गाठोडेही मोठे. एक ते दोन गिगाबाइटांच्या हिश्श्यात हे गाठोडे बत्तीस किलोबाइटांचे होई. मग दोन किलोबाइटांच्या चिठ्ठीलाही बत्तीस किलोबाइटांची कोठडी द्यावी लागे. तोच हिस्सा मोडून पाचशे मेगाबाइटांच्या आतला केला, तर आठ किलोबाइटांच्या कोठडीत काम भागे. १९९० नंतरच्या दशकात पुष्कळांना वाटणीची निकड भासली ती या हिशेबामुळे.

दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचेही. हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. त्याच्या संगणकावर त्या वेळी मिनिक्स ही दुसरी कार्यप्रणाली एका हिश्श्यात नांदत होती. एके दिवशी मोडेमला द्यावयाची दूरध्वनी लावण्याची आज्ञा त्याच्या हातून चुकून हार्ड डिस्कला दिली गेली आणि मिनिक्सच्या हिश्श्यावर ती अक्षरे उमटून तो निकामी झाला. मिनिक्स पुन्हा चढविण्याऐवजी त्याने आपल्याच लिनक्सवर राहण्याचे ठरविले. मूळ घर गेल्यामुळे नव्या घराचे भाग्य उघडल्याचे उदाहरण विरळाच!

परंतु सर्वांनी असे घर पेटवून मुक्कामाला निघावे, अशी अपेक्षा कशी करावी? लिनक्स आजमावून पाहू इच्छिणाऱ्या माणसाच्या संगणकावर विकत घेतलेली डॉस किंवा विंडोज होती, तीत त्याची पत्रे होती, हिशेब होते. पुढे पुढे तर संगणकाबरोबर मूळ कार्यप्रणालीची चकती देण्याचीही प्रथा कमी झाली. जे होते ते यंत्रातच. ते गेले की पुन्हा पैसे मोजा. माझ्या परिचयाच्या एका शाळेत डिस्कचे दोन भाग करून देण्यासाठी आलेल्या कारागिराने विचारपूस न करता सगळी डिस्क धुऊन काढली, आणि तीन वर्षांचे निकालपत्रक गुरुजनांना जुन्या वह्यांवरून पुन्हा लिहून काढावे लागले. नवे काही शिकावयाचे तर जुने गमावण्याची तयारी ठेवा, ही अट फार जाचक असते. बहुतेक लोक मग नव्याच्या वाटेलाच जात नाहीत.

ही अट पहिल्यांदा सैल केली ती जर्मनीतील आर्नो शेफर याने. १९९३ च्या सुमारास त्याने फिप्स नावाचा लहानसा कार्यक्रम लिहिला आणि तो सर्वांना मोफत दिला. त्याची रीत मोठी सरळ होती. आधी डीफ्रॅगच्या कार्यक्रमाने सगळ्या फाइली हिश्श्याच्या आरंभाकडे सरकवून घ्यावयाच्या, म्हणजे शेपटीकडील जागा मोकळी होते. फिप्स मग जमाखर्च तपासून ती शेपटी खरोखरच रिकामी आहे ना याची खातरजमा करी, आणि जुन्या हिश्श्याची लांबी दोन्ही दप्तरांत कमी करून उरलेल्या जागेची नवी नोंद लिही. एकही फाइल तो स्वतः हलवीत नसे. शिवाय बदल करण्यापूर्वी मूळ सेक्टरांची नक्कल फ्लॉपीवर घ्यावयाची का, असे तो नम्रपणे विचारी. वाटणी फसली तर तीच नक्कल पुन्हा लिहिली की जुन्या हद्दी परत येत. लिनक्सच्या चकत्यांबरोबर हा कार्यक्रम वर्षानुवर्षे वाटला गेला.

त्याच दशकाच्या मध्यास अमेरिकेतील यूटा राज्यातल्या पॉवरक्वेस्ट कंपनीने पार्टिशनमॅजिक हा विकतचा कार्यक्रम काढला. तो फाइली स्वतः हलवी, हिस्से लहान, मोठे, पुढे, मागे करी आणि पडद्यावर रंगीत पट्ट्यांनी दाखवी. मात्र फाइली हलविण्याचे काम निम्म्यावर आले असता वीज गेली तर अर्धी फाइल येथे, अर्धी तेथे! आपल्याकडील विजेचा लौकिक पाहता येथे फिप्सचीच रीत अधिक सुरक्षित, असे मला वाटते. ही कंपनी २००३ साली सिमॅन्टेकने विकत घेतली आणि पार्टिशनमॅजिकची आठवी आवृत्ती हीच शेवटची ठरली.

दरम्यान विंडोजने एनटीएफएस नावाची नवी, गुंतागुंतीची मांडणी स्वीकारली होती, आणि तिच्यापुढे फिप्स हतबल होता. ती गाठ २००२ साली साबोल्च साकाचित्स याने एनटीएफएसरिसाइझ लिहून सोडविली. सर्वांच्या मागून, २००७ साली, व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःच आपल्या हिश्श्याचा संकोच करण्याची सोय घरात आणली. तीही अपुरीच, काही फाइली विंडोज जागची हलू देत नाही, आणि त्यांतील एखादी मध्येच ठाण मांडून बसली असेल तर पलीकडे कितीही जागा मोकळी असली तरी ती सुटत नाही.

या सगळ्या साधनांत एक क्रम मात्र समान आहे. हिस्सा आखडावयाचा असेल तर आधी आतला जमाखर्च आखडावयाचा आणि मग हद्दीची नोंद बदलावयाची. वाढवावयाचा असेल तर आधी हद्द आणि मग जमाखर्च. क्रम उलटला की घराची भिंत शेजाऱ्याच्या जमिनीत जाते, आणि शेजारी तेथे आपले सामान मांडू लागला की ती भिंत गेलीच.

राहता राहिला तो ६४ बाइटांचा तक्ता. त्यातील आकडे दोन टेराबाइटांपलीकडे मोजू शकत नाहीत, म्हणून आता जीपीटी नावाचे नवे दप्तर वापरले जाते. त्यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस जपलेली असते. तरीही पहिल्या सेक्टरमधून जुना तक्ता काढून टाकलेला नाही. त्यात एकच नोंद लिहिलेली असते, ती जवळजवळ सगळी डिस्क व्यापल्याचे सांगते. हेतू एवढाच की, नव्या दप्तराची ओळख नसलेला एखादा जुना एफडिस्क तेथे आलाच, तर त्याने येथे जागा शिल्लक नाही असे समजून परत जावे.