सडकेची डागडुजी आणि तिचा पैसा

खालापूर तालुक्यातील लोधिवली हे काही इतिहासात गाजलेले गाव नव्हे. तेथे कोणती लढाई झाल्याचे अथवा तह ठरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तथापि पनवेलहून चौकमार्गे खोपोलीस आणि तेथून बोरघाटाने पुण्यास जाणारी जुनी सडक या गावाजवळून जाते, आणि ज्या प्रश्नाकडे इतिहासकारांचे सहसा लक्ष जात नाही तो प्रश्न या सडकेच्या कडेला उभे राहिले असता फार स्पष्टपणे पुढे येतो. रस्ता कोणी बांधला हे दगडावर कोरून ठेवतात. तो झिजल्यावर कोणाच्या पैशाने नीट झाला, हे कोणी कोरून ठेवीत नाही.

मराठेशाहीत घाटवाटेवरील प्रवाशाची सोय पाहणे हा पुण्यकर्माचा भाग होता. खोपोलीस नाना फडणिसांनी बांधविलेले महादेवाचे देऊळ व तलाव आजही त्याची साक्ष देतात. पाणी, सावली, मुक्काम यांची तरतूद धर्मबुद्धीने होई. परंतु वाटेचा पृष्ठभाग ही कोणाच्याच पुण्याची बाब नव्हती. बैल व तट्टे यांना तसा पृष्ठभाग फारसा लागतही नसे. शिवाय घाटाची वाट फार सुगम असणे राज्याच्या हिताचेही नव्हते. १७७८ च्या डिसेंबरात इंग्रजांची फौज तोफा घेऊन हा घाट चढली तेव्हा वाट करीत करीतच तिला वर जावे लागले, आणि पुढील महिन्यात वडगावास तिची जी अवस्था झाली ती वाचकांस ठाऊकच आहे.

चाकाच्या गाडीस योग्य असा घाटरस्ता सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना झाला व १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला करण्यात आला. चाक आले आणि त्याबरोबर डागडुजीचा प्रश्नही आला. लोखंडी धावेचे चाक खडीचा रस्ता दळून काढते आणि कोकणातला पाऊस ते पीठ वाहून नेतो. सबब घाटावर टोल बसला. जो रस्ता झिजवितो त्याने त्याची किंमत द्यावी, हे इंग्लंडातील टोलरस्त्यांचे तत्त्व होते, व दिसावयास ते अत्यंत न्याय्य आहे. त्यातील मेख अशी की, रस्त्यावरची रहदारी उठली म्हणजे त्याचे उत्पन्नही उठते; पाऊस मात्र पूर्वीइतकाच पडत राहतो.

आणि रहदारी खरोखरच उठली. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, आणि मधली पाच वर्षे ही घाटसडक दोन लोहमार्गांमधील दुवा होऊन राहिली. १८६३ साली बोरघाटातून गाडी धावू लागताच हा दुवाही निरुपयोगी झाला. देशावरचा माल गाड्यांतून पनवेलास व तेथून होड्यांनी मुंबईस जात असे, तो आता परस्पर जाऊ लागला, आणि पनवेलचा व्यापार ओसरला.

याच सुमारास दुसरा मार्ग निघाला तो लोकल फंडाचा. सरकारी साऱ्यावर रुपयास एक आणा अशी ही पट्टी. १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली, आणि तिच्या उत्पन्नापैकी दोन तृतीयांश रस्त्यांकडे व एक तृतीयांश शाळांकडे जावे असे ठरले. खालापूर-कर्जतचा हा मुलूख त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. येथील भातशेती करणारा कुळवाडी, ज्याची स्वतःची गाडी असेलच असे नाही, तोही आता रस्त्याचा धनी झाला. निदान खर्चापुरता तरी. टोलात वापरणारा देई, येथे शेजारी देऊ लागला. पैसा कोणाचा यावरून कोणता रस्ता आधी, हे ठरू लागते असे आम्हांस वाटते. टोलाच्या पैशास मोठा रस्ता दिसतो. पट्टीच्या पैशाने निदान गावाकडून स्टेशनास जाणाऱ्या वाटेकडे पाहावे अशी अपेक्षा करता येते.

शहरांची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबई बेटापुरते पाहिले तर १७९३ च्या पार्लमेंटच्या कायद्यानेच तेथील जस्टिस ऑफ दि पीस मंडळींस रस्ते झाडविण्याचा व दुरुस्त करविण्याचा अधिकार मिळाला, आणि त्यासाठी घरांच्या वार्षिक उत्पन्नाच्या विसाव्या हिश्श्यापर्यंत कर बसविण्याची मुभा मिळाली. म्हणजे शहरात रस्त्याचा भार घरावर पडला. घर कोठे पळून जात नाही, म्हणून हे उत्पन्न टोलापेक्षा भरवशाचे. परंतु घरवाला आपल्या दाराशी असलेला रस्ताच ओळखतो. १८६५ पासून आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनी सुधारणा धडाक्याने केल्या आणि खर्चही तितक्याच धडाक्याने केला. १८७१ साली करदात्यांचा असा काही संताप उसळला की त्यांस जावे लागले. तरुण फिरोजशहा मेहता यांनी त्या गदारोळात क्रॉफर्डची बाजू घेतली व दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे, कर देणाऱ्यांचे निवडलेले प्रतिनिधी हवेत, असे प्रतिपादन केले. १८७२ च्या कायद्याने ते काही अंशी मान्य झाले. आमच्या नागरी स्वराज्याचा उगम पुष्कळ अंशी गटार, नळ आणि रस्ते यांच्या बिलांत आहे, हे सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

मुंबईपुरतेच हे खरे नव्हे. लोधिवलीहून जवळचे मोठे गाव म्हणजे पनवेल, आणि तेथील नगरपालिका १८५२ सालची. १८५० च्या ज्या कायद्याखाली अशा नगरपालिका झाल्या तो सक्तीचा नव्हता. गावकऱ्यांनी मागणी करावी व आपल्यावर आपणच कर बसवून घ्यावा, अशी त्याची योजना होती. पुढे या इलाख्यातील नगरपालिकांस घरपट्टीपेक्षा जकात अधिक प्रिय झाली, कारण जकात बाहेरून येणाऱ्या मालावर पडते व मतदारास ती दिसत नाही. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली, २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईचीही गेली, आणि तिच्या जागी सरकारी भरपाई आली. शहराचा रस्ता आता अंशतः राज्याच्या तिजोरीकडे तोंड करून बसला आहे.

तिसरा मार्ग मोटारीने आणला, आणि त्यात एका महाराष्ट्रीय गृहस्थाचा वाटा मोठा आहे. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने असे सुचविले की, मोटारी प्रांताप्रांतांच्या सीमा जुमानीत नाहीत, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्यावा व तो केवळ रस्त्यांसाठी निराळा ठेवावा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन असा निधी उभा राहिला. त्याची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवण्याजोगी आहेत. वर्ष संपले म्हणून उरलेली रक्कम बुडत नसे, आणि राखीव भाग वगळता प्रांतांस ती पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात मिळे. १९४३ साली नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरून रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी प्रतवारी झाली. मात्र जयकर समितीचे नाव रस्तेविकास समिती असे होते, दुरुस्ती समिती असे नव्हते. नव्या कामाचे हे आकर्षण पुढेही सुटले नाही.

दुरुस्तीचे खरे काम या सर्व काळात एक अगदी साधा मनुष्य करीत असे. सार्वजनिक बांधकाम खात्याचा मैलकुली तो हाच. ठराविक लांबीचा रस्ता त्याच्याकडे नेमून दिलेला असे. पाटी, घमेले व फावडे घेऊन त्याने बाजूची गटारे उघडी ठेवावीत, लहान खड्डा लहान असतानाच मुरूम-खडीने भरावा. डांबरी रस्त्याचे शत्रुत्व पाण्याशी आहे. पृष्ठभागास भेग पडून पाणी आत शिरले म्हणजे खालचा थर पोचट होतो. रस्ता बरीच वर्षे हळूहळू झिजतो व मग एकदोन पावसाळ्यांत एकाएकी बसतो. मृगापूर्वी कौले परतणारा कोकणस्थ गृहस्थ जे जाणतो, तेच मैलकुली जाणत होता. हे पद आता जवळजवळ नामशेष झाले असून त्याच्या जागी ठेकेदार व त्याचा दोषदायित्वाचा करार आलेला आहे. मुदतीत रस्ता बिघडला तर ठेकेदाराने तो आपल्या खर्चाने नीट करावयाचा. कागदावर ही योजना चोख आहे. पण गटार तुंबण्यापूर्वी तेथे हजर असणारा मनुष्य कराराने निर्माण होत नाही.

नगरपालिकेच्या सभेत मात्र हा कौले परतण्याचा न्याय टिकत नाही. ज्या रस्त्यास नुकती भेग पडली आहे त्यावर थोडक्या खर्चात पातळ थर द्यावा, असे अभियंता सुचवितो. सभासद विचारतात, आमच्या गल्लीत गुडघाभर खड्डे असता चांगल्या रस्त्यावर पैसा का? हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याचे उत्तर निवडणुकीच्या वर्षी देणे तर फारच कठीण. म्हणून अत्यंत वाईट रस्ता आधी, आणि वाइटांपैकी ज्याचा गवगवा मोठा तो सर्वांत आधी, असा क्रम पडतो. दरम्यान मधल्या प्रतीचे रस्ते वाईटांच्या रांगेत येऊन उभे राहतात. या चक्रास कंटाळून मुंबई महानगरपालिकेने सगळेच रस्ते काँक्रीटचे करण्याचा मार्ग धरला. २०२२-२३ साली सुमारे ४०० किलोमीटरसाठी ६,०८० कोटी रुपयांची कामे काढण्यात आली. काँक्रीटला डागडुजी कमी लागते हे खरे; परंतु उद्या जलवाहिनीसाठी चर खणावा लागला तर काय, ही शंका आम्हांस सोडीत नाही.

लोधिवलीच्या जुन्या सडकेची कथा मात्र फिरून आरंभाशी आली. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण होऊन तिची दूरची रहदारी दुसऱ्यांदा उठली, आणि २००४ साली नवा मार्ग व जुना महामार्ग या दोहोंची टोलवसुली व देखभाल १५ वर्षांसाठी ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन एका खाजगी कंपनीस देण्यात आली. म्हणजे माल्कमसाहेबांच्या काळचा टोल परत आला. फरक इतकाच की, आता पुढील पंधरा वर्षांचे चाक आजच मोजून घेतले गेले.

न्यायालयांनी याच प्रश्नास दुसऱ्या टोकाने हात घातला आहे. सुस्थितीतील रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांस ६ लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. ही रक्कम आधी संबंधित संस्थेने भरावयाची व मागाहून चौकशी करून दोषी अधिकाऱ्याकडून अथवा ठेकेदाराकडून वसूल करावयाची आहे. न भरलेल्या खड्ड्याची किंमत अशा रीतीने प्रथमच हिशेबाच्या वहीत चढू लागली आहे. ती दुरुस्तीच्या खात्यावर मांडावी की दंडाच्या, हे आता प्रत्येक नगरपालिकेच्या लेखापालास ठरवावे लागेल.